बाबनरावांनी मशीन थंड केली

चेतन हैदराबादला जाणार, ही गोष्ट गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. किराणावाल्याला ठाऊक होती, इस्त्रीवाल्याला ठाऊक होती. समोरच्या रुपरावांना तर ती चेतनचं नक्की व्हायच्या आधीपासून ठाऊक होती. रुपराव पोस्टातून निवृत्त झालेले. आता ओट्यावर बसून घरोघरच्या बातम्या वाटायचे आणि त्यालाही टपालच म्हणायचे. माहीत नव्हती ती फक्त एका माणसाला, ज्याला सगळ्यांत आधी कळायला हवी होती त्याला. चेतनच्या बापाला.

बाप म्हणजे बाबनराव कूलरवाले. अंगानं काडी, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. होळी झाली की अर्ध्या पूर्व नागपूरला त्यांची आठवण यायची आणि पावसाळा लागला की तीच माणसं रस्त्यात ओळख द्यायची नाहीत. त्याचं बाबनरावांना काही वाटत नसे. "आपण ऋतूचे नवरदेव," म्हणायचे.

घराणं कोष्ट्याचं. समोरच्या खोलीत पूर्वी माग होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून त्यांचे वडील लुगडी विणायचे. तो खड्डा बुजवून त्यावर बाबनरावांनी कूलरचं दुकान मांडलं. जिथं रेशमाची किनार निघायची तिथं आता पत्र्याची खोकी, पंखे, पंप आणि कूलरच्या कडेला लावायच्या गवताच्या ताट्या. रुपराव चिडवायचे, "कोष्ट्याचा पोरगा, अन् विणते काय, तर गवत!" बाबनरावही कमी नव्हते. "तुम्ही उन्हाळ्यात याच गवताच्या मागं लपता गा," म्हणायचे.

या माणसाला गर्व एकाच गोष्टीचा होता. घरात एसी नाही. एसी म्हणजे आजाऱ्याची हवा, असं त्यांचं मत. ज्याच्या घरी एसी लागला त्याच्याकडे ते चहा घेत, पण बसत नसत. उभ्यानं पीत.

चेतन त्यांचा एकुलता एक. तिशी ओलांडलेला, गुणी, बोलायला कंजूस. वरच्या टिनाच्या खोलीत त्याचा मोठा कॉम्प्युटर होता. घरात सगळे त्या कॉम्प्युटरला मशीनच म्हणत. न बांधलेल्या इमारती तो त्यावर बांधून दाखवायचा. बिल्डरनं अजून जागेवर फावडंही मारलेलं नसायचं, पण चेतनच्या पडद्यावर त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बाई कपडे वाळत घालताना दिसायची. काम इतकं हुबेहूब की हैदराबादच्या एका स्टुडिओनं त्याला बोलावणं पाठवलं. सिनेमासाठी अख्खी शहरं उभी करायची होती. चेतननं फोनवर हो म्हटलं आणि मग चुलीजवळ, म्हणजे गॅसजवळ, आईला सांगितलं.

कुसुमावतीबाईंनी पोळी उलटली. "बापाले तूच सांग," एवढंच म्हणाल्या. मग रुपरावांच्या बायकोला, देवकीबाईंना, शपथ घालून त्यांनी ते सांगितलं. शपथ घातली म्हणजे बातमी संध्याकाळपर्यंत चौकात पोचते, हे त्यांनाही ठाऊक असावं. कदाचित म्हणूनच सांगितलं असेल. चौकातून तरी नवऱ्याच्या कानावर जाईल. पण चौकानं यावेळी जीभ आवरली. बाबनरावांना ते सांगायची हिंमत कोणातच नव्हती. पोरगा म्हणजे त्या माणसाचा जीव होता, हेही चौकाला ठाऊक होतं.

एप्रिलच्या एका दुपारी जेवताना चेतननं शेवटी तोंड उघडलं.

"बाबा, एक सांगाचं होतं."

"सांग ना बापू."

"वरच्या खोलीत मशीन लय तापून राहिली. काम चालू असताना मधातच बंद पडते. उन्हाळाभर हे असंच. इथं काही जमत नाही, म्हणून म्हटलं..."

पुढचा शब्द हैदराबाद होता. तो जिभेवर आलेलाही होता. पण बाबनरावांचा घास हातातच राहिला.

"कूलरवाल्याच्या घरात मशीन तापते?"

"तसं नाही बाबा..."

"अन् आतापर्यंत सांगितलं काहून नाही बे?"

अर्धं ताट तसंच टाकून ते उठले. कुसुमावतीबाईंनी पोराकडे पाहिलं. पोरानं वरणाकडे पाहिलं.

चेतननं हे कारण फार विचार करून शोधलं होतं. यात कोणाला दोष नव्हता. बापाला नाही, घराला नाही, गावाला नाही. सगळं उन्हावर ढकललेलं. कोणाचंही मन न दुखवता निसटता येईल असं सोयीचं कारण. फक्त ते आपण कोणाला सांगतो आहोत, एवढंच बिचारा विसरला. कूलरवाल्याला गरमीचं कारण सांगणं म्हणजे डॉक्टरला ताप आहे सांगून शाळा बुडवण्यासारखं.

संध्याकाळी वरच्या खिडकीला डक्ट कूलर लागला. एवढा मोठा, की तो एका मंगल कार्यालयासाठी करून ठेवलेला होता. खोलीत वारं असं सुटलं की चेतनची चित्रं भिंतीवरून उडाली. दोन-तीन दिवसांत कीबोर्ड चिकट झाला, कागदांनी कडा वळवल्या आणि मशीनच्या स्क्रूंवर तांबूस गंज दिसू लागला.

"बाबा, या ओल्या हवेनं मशीन खराब होईल," चेतन म्हणाला. "अशा मशीनले एसी लागते. नाहीतर मंग पाण्यानं थंड करा लागते."

एसी म्हटलं की बाबा गप्प होतील, हा त्याचा हिशेब. एसीच्या मागोमाग आपण आणखी एक शब्द बोलून गेलो, हे त्याच्या लक्षात यायला उशीर झाला.

"पाण्यानं?" बाबनरावांनी विचारलं. आणि त्यांच्या तोंडावर असं हसू आलं की जणू कोणी त्यांचं दुसऱ्यांदा लग्नच ठरवलं असावं.

मग चेतनला मोबाइलवर दाखवावंच लागलं. मशीनचं जे डोकं तापतं त्यावर तांब्याचा ब्लॉक बसवतात. ब्लॉकच्या पोटात केसासारख्या बारीक फटी. पंप त्यातून पाणी ढकलतो, पाणी ती गरमी उचलतं आणि नळीतून रेडिएटरमध्ये जातं. तिथं पंख्यांच्या वाऱ्यानं निवतं आणि परत छोट्या टाकीत. पुन्हा पंप, पुन्हा फेरी.

"म्हणजे कूलरच की बे हा!" बाबनराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "आपला पाण्यानं हवा थंड करते, हा हवेनं पाणी. नुसता उलटा घातलेला सदरा!"

ब्लॉक, रेडिएटर, नळ्या सीताबर्डीच्या बाजारातून आल्या. पंप मात्र त्यांनी आणू दिला नाही. ज्या घरात पोत्यानं पंप पडलेत त्या घरात पंप विकत आणायचा? त्यांनी सगळ्यात मोठा निवडला. खोक्यावर लिहिलेलं, तासाला दोन हजार लिटर. सीताबर्डीवाले देत होते तो यापेक्षा कितीतरी कमी फेकणारा.

"पण बाबा, त्याले प्रेशर लागते..."

"पंप कुठी आहे?"

"टेबलावर."

"अन् मशीन?"

"टेबलावरच."

"मंग चढाव कुठी आहे? आं? पाणी वर चढवाचंच नाही, तर प्रेशर घेऊन पूजा करतं का?"

चेतनकडे याला उत्तर होतं, द्यायचा उत्साह नव्हता. बाबनरावांची चूक अडाण्याची नव्हती, मुरलेल्या कारागिराची होती. जन्मभर त्यांनी पंप पाहिला तो एका कामाचा. टाकीतलं पाणी हातभर उचलायचं आणि ताटीवर सोडून द्यायचं. पुढे पाणी मोकळं. पाणी किती उंच चढतं हे त्यांना फुटाफुटानं ठाऊक होतं. सपाट जागेवरही पाण्याला घाट लागू शकतो, हे पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

पहिल्या चाचणीला गल्ली जमली. मशीन बंद ठेवून नुसता पंप चालवून पाहायचा होता. पाणी मात्र त्यांनी बॅटरीत घालतात ते आणलं. बोअरच्या पाण्याची पांढरी खपली ताट्यांवरून खरवडण्यात त्यांचा जन्म गेला होता, तिथं ते चुकणार नव्हते. बटण दाबलं. पंप घुमला. पाणी जोरात नळीत शिरलं, ब्लॉकपाशी गेलं आणि पलीकडून टिप, टिप, टिप.

"काय गा बाबनराव," रुपराव दारातून म्हणाले, "याले तर माझाच आजार लागला. जोर लावतो लय, धार काही येत नाही!"

माणसं हसून लोळली. बाबनरावांनी तरीही मशीन चालू करवली. नेहमीपेक्षा लवकर बंद पडली. त्यावेळी चेतनच्या तोंडावर काय आलं, ते पाहणाऱ्यांनी पाहिलं. सुटका झाल्यासारखं काहीतरी. आणि दुसऱ्याच क्षणी त्या सुटकेचीच लाज.

पण बाबनराव इरेला पेटले होते. जोर कमी पडतो ना? घे जोर. गच्चीवरच्या टाकीतून न्हाणीघरात धार जोरात यावी म्हणून बसवतात तो पंप त्यांनी आणून जोडला. बटण दाबलं मात्र, ब्लॉकवरची नळी फटकन सुटली, पाण्याची धार टिनाला लागली आणि तिथून थेट रुपरावांच्या नव्या पायजम्यावर आली.

"आता तर आजार पुराच बरा झाला गा!" चिंब रुपराव ओरडले.

कुसुमावतीबाई महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, हसता हसता जिना उतरल्या आणि खाली जाऊन तोच पदर डोळ्यांना लावला. नवरा कशासाठी धडपडतो आहे आणि पोरगा कशासाठी गप्प आहे, हे दोन्ही ठाऊक असलेली त्या घरात ती एकटीच होती.

धंद्याचे दिवस भरात होते. फोनमागून फोन. "बाबनराव, लेकरं उकडून राहिली जी, या ना." ते "उद्या" म्हणायचे. मे महिन्यात बाबनरावांनी उद्या म्हटलं, हे त्या वस्तीनं कधी ऐकलं नव्हतं. लोक चिडले, दुसरा कारागीर पाहू लागले. "पोराचं काम अडून राहिलं," ते सांगायचे आणि खरं ठाऊक असलेला ऐकणारा घाईनं फोन ठेवायचा.

शेवटी सुटलेली नळी पिशवीत घालून ते सीताबर्डीवर गेले. जिथून ब्लॉक आला होता ते दुकान चिन्मयी नावाची मुलगी चालवायची. महाल भागातल्या जुन्या घरची, इंजिनिअर झालेली, बापाचा नकार पत्करून दुकान काढलेली. बाबनरावांनी आपली कहाणी सांगितली. ती हसली, पण हसताना त्यांना खुर्ची पुढे केली.

"काका, खोक्यावरचा आकडा नळी न लावता मोजलेला असतो. मोकळ्यावर. तुमच्या कूलरमध्ये पाणी मोकळंच पडतं, म्हणून तुम्हाला तो खरा वाटतो."

"अन् इथं?"

"इथं ब्लॉकच्या फटी, रेडिएटरच्या बारीक नळ्या, सगळीकडे पाणी खेटून जातं. तो चढावच झाला की. तुमची मशीन टेबलावर नाही, तीन मजले वर आहे असं समजा आणि मग पंप निवडा."

बाबनरावांनी ती नळी चिमटीत दाबून पाहिली. मग म्हणाले, "मंग तो दुसरा? त्याच्यात तर जोर होता."

"त्यात तीन मजल्यांचा नाही, दहा मजल्यांचा जोर होता. नळी बिचारी काय करेल?" तिनं मुठीएवढा पंप समोर ठेवला. "हा फेकतो कमी, पण अडवलं तरी दमत नाही. मागे गती कमी-जास्त करायची चकती आहे. सगळं जोडल्यावर मिनिटाला चार लिटर फिरले की पुरे. त्याच्यावर कितीही वाढवा, एखादी डिग्री उतरेल. पाणी जास्त पळवून मशीन जास्त थंड होत नाही, काका. रेडिएटरला हवा चांगली द्या."

बाबनरावांनी पंप हातात घेतला, कानाला लावला, उगाचच हलवला. "बेटा, तुले पहिलेच भेटलो असतो तर रुपरावचा पायजमा वाचला असता."

पैसे देताना तिनं विचारलं, "मशीन कोणाची?"

"पोराची. चेतन नाव त्याचं."

"चेतन! ते तर मागे येऊन गेले. अशी मशीन ट्रॅव्हल्सनं न्यायची तर कशी बांधायची, विचारत होते."

"न्याची असंन कोणाले दाखवाले," बाबनराव म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. त्यांनी ऐकलं नाही असं नाही. पण पंपाचं ज्या कानानं ऐकलं, त्या कानानं नाही.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत जाळणारे नऊ दिवस, लागला तेव्हा काम पुरं झालं. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि बाबनराव टिनाखाली मांडी घालून बसले होते. परतीची नळी त्यांनी दुधाच्या मापात सोडली, घड्याळ लावलं. मिनिटाला चार लिटरांच्या थोडं वर. चकती पूर्ण फिरवून पाहिली. पाणी सहाच्या जवळ गेलं, मशीनचा पारा जेमतेम एक डिग्री उतरला. "पोरगी खरं बोलते," म्हणाले आणि चकती परत आणली. रेडिएटर त्यांनी मशीनच्या पोटातून काढून खिडकीशी, कूलरच्या वाऱ्यात, पण शिंतोडे पोचणार नाहीत इतक्या लांब टांगला. ही अक्कल त्यांची स्वतःची. मशीन ओल्या वाऱ्याच्या झोताबाहेरच्या कोपऱ्यात आणि रेडिएटरला भर उन्हात सकाळची हवा.

मग चेतननं त्याच्याजवळचं सगळ्यात जड काम लावलं. पारा चढत चढत त्रेसष्टवर गेला आणि तिथं थांबला. दुपार उतरली तरी त्रेसष्टच. पंपाचा आवाज म्हणाल तर शेजारी झोपलेल्या मांजराच्या श्वासाएवढा.

बाबनरावांनी खिडकीतून गल्लीला हाक मारली. कुल्फीवाल्याची अख्खी गाडी थांबवली. जिन्यावर, दारात, खोलीत, जिथं जागा मिळेल तिथं माणसं कुल्फी चाटत उभी राहिली. रुपराव नवा पायजमा सांभाळून शेवटच्या पायरीवर.

"पाहा गा! बाहेर शेहेचाळीस, अन् आमची मशीन कशी गार!" बाबनराव मिशीवरची कुल्फी पुसत म्हणाले. "बोल बापू, आता कशी बंद पडते ते पाहतो. आता इथंच बस, अन् बांध लेका जेवढ्या बिल्डिंगा बांधाच्या तेवढ्या!"

चेतन सगळ्यांकडे पाठ करून पडद्यासमोर बसला होता. त्याची कुल्फी काडीवरून वितळून मनगटावर आली होती.

"बाबा."

"काय?"

"आता मी काय कारण सांगू?"

खोलीतलं चाटणं थांबलं.

"कायचं कारण?" बाबनराव अजून हसतच होते.

"जायचं."

"कुठी जायचं?"

"हैदराबादले. नोकरी लागली मले." चेतन वळला नाही. "एप्रिलमधीच लागली. त्या दिवशी जेवताना तेच सांगून राहिलो होतो. तुम्ही कूलर घेऊन आले."

रुपरावांच्या तोंडून शब्द फुटला नाही. गल्लीच्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी देवकीबाईंच्या कोपराला हात लावला आणि उतरू लागले. मागोमाग बाकीचे. जिन्यावर चपलांचा आवाजही कोणी होऊ दिला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी कुल्फी खाल्ली होती.

बाबनराव पडद्याजवळ गेले. आकडा वाचला.

"त्रेसष्टच आहे," म्हणाले आणि खाली गेले.

दुकानात ते स्टुलावर बसले. एक ताटी मांडीवर घेतली आणि तिच्यातलं गवत सारखं करत राहिले, सारखंच असलेलं. कुसुमावतीबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या, तो त्यांनी घेतला नाही.

"तुले माहीत होतं?"

"साऱ्या गल्लीले माहीत होतं जी."

"अन् मलेच काहून नाही?"

"तो सांगत होता. तुम्ही ऐकून नव्हते राहिले, दुरुस्त करून राहिले होते."

बाबनरावांचा हात गवतात थांबला.

"मी काय कमी केलं वं त्याले?"

"काहीच कमी नाही केलं. म्हणूनच त्याच्या तोंडून निघत नव्हतं." त्या खाली, त्यांच्या पायाशी बसल्या. खड्डा होता त्याच जागी. "माग सोडाचा होता तेव्हा तुम्ही मामंजींले काय सांगितलं होतं, आठवते?"

त्यांनी ताटीतली एक काडी उपटली.

"डोळे दुखते म्हणून सांगितलं. चांगल्या डोळ्याचे तुम्ही. अन् मामंजी गेले, तुमच्यासाठी चष्मा करून आणला. तो लावून तुम्ही उन्हाळाभर विणलं, डोकं दुखेपर्यंत. मंग एक दिवस सांगितल्याशिवाय कूलरच्या कारखान्यात जाऊन उभे राहिले." त्या थोडं थांबल्या. "मामंजी तो चष्मा धोतरानं पुसाचे, माझ्या हातात द्याचे. म्हणे, बाबन विसरून गेला, त्याले दे. कितीतरी दिवस द्याचे. तुम्हाले मी कधी सांगितलं नाही."

बाबनरावांनी ताटी बाजूला ठेवली. दुकानासमोर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, आतला नूर पाहून न बोलताच निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी ते चेतनच्या आधी वर गेले. चेतन आला तेव्हा रेडिएटर खिडकीवरून उतरलेला होता.

"पाणी भरून नेशील तर गाडीत हिसका बसून सारं मशीनवर सांडन," ते म्हणाले. सगळं पाणी त्यांनी बादलीत काढलं. रेडिएटर हातात घेऊन इकडे कलता कर, तिकडे कलता कर, कोपऱ्यातलं उरलंसुरलंही गाळलं. नळीला तोंड लावून फुंकलं. पुन्हा फुंकलं. छाती भरून, गालांचे फुगे करून, पाणी निघून गेल्यावरही फुंकत राहिले. चेतननं "झालं बाबा" म्हटलं तेव्हा थांबले. मग डोळे पुसले. फुंकून फुंकून पाणी आलं म्हणाले.

"बाबा, मी दिवाळीले येतो ना."

"रेडिएटरले तिकडं खिडकीजवळ जागा पाहाजो. आधी हवा कुठून येते ते पाहाजो, मंग टांगजो."

"हो."

"अन् बोअरचं पाणी नको टाकू."

"नाही टाकत."

ट्रॅव्हल्सच्या गाडीजवळ त्यांनी सामान चढवणाऱ्याशी कडाक्याचं भांडण केलं. खोकं आडवं ठेवायचं नाही, त्यावर दुसरं काही ठेवायचं नाही. स्वतः वाकून आत शिरले, दोरी आवळली, सोडली, पुन्हा आवळली. गाडीनं हॉर्न दिला तसे बाहेर आले. चेतन पाया पडला. पोराच्या डोक्यावरून हात फिरवायचा त्यांचा राहून गेला. खोक्यावरून मात्र फिरवून झाला होता. रुपरावही पोचवायला आले होते. त्यांनी काहीतरी गमतीचं जुळवून आणलं असावं, कारण दोनदा तोंड उघडलं. दोन्हीदा बाबनरावांकडे पाहून मिटलं.

गाडी गेल्यावर बाबनराव धंद्याला लागले. ज्यांना उद्या म्हटलं होतं त्या सगळ्यांकडे गेले. कोणी टोमणे मारले, ते त्यांनी ऐकून घेतले. घरी कोणी नाव काढलं नाही. वरच्या खोलीचं दार मात्र कुसुमावतीबाई रोज उघडायच्या, झाडायच्या, लावायच्या.

मग एका दुपारी चेतनचा फोन आला.

"बाबा, मशीन जोडून राहिलो. पाणी कसं भरू?"

बाबनराव हातातलं काम टाकून उभेच राहिले. "मशीन चालू नको करू. नुसता पंप. टाकीत थोडं थोडं टाक, पंप कोरडा नको पडू देऊ. घाई नको करू."

"टाकून राहिलो."

"मशीन जराशी तिरपी कर. आता दुसऱ्या अंगानं. बुडबुडे निघू दे."

फोनमधून पाण्याचा घुटघुट आवाज येत होता. बाबनराव फोन कानाला घट्ट लावून तो ऐकत होते. हळूहळू आवाज कमी झाला आणि मग आलाच नाही.

"निघाली हवा," चेतन म्हणाला.

"पाझरते का कुठी? बोट फिरवून पाहा."

"सुकं आहे."

"आता चालू कर. काम लाव त्याले, जड वालं."

पुन्हा वेळ गेला. दुकानातली माणसं ताटकळली. बाबनरावांनी त्यांना हातानंच थांबा म्हटलं.

"तापते का बे?"

"नाही बाबा. पंचावन्नच्या वर जाऊन नाही राहिली."

"बंद पडते का?"

"नाही."

बाबनराव पुढचा प्रश्न शोधू लागले. पंपाचा विचारून झाला, नळीचा झाला, पाण्याचा झाला. या दोघांनी जन्मभर एकमेकांशी बोलणं केलं ते बिघाडाच्याच आधारानं. सायकलची चेन उतरली, मिक्सर जळला, मशीन तापली. दुसरं बोलणं येत नव्हतं असं नाही, कधी गरज पडली नव्हती.

"पंप लय चांगला निवडला तुम्ही," पलीकडून चेतन म्हणाला.

"हो. त्याले आता पाच-सहा वर्षं पाहा नाही लागत."

"मंग ठेवू बाबा?"

"ठेव."

फोन बंद झाल्यावरही तो त्यांच्या कानालाच होता. कुसुमावतीबाई आतून हात पुसत आल्या.

"काय म्हणते? काही बिघडलं का?"

"नाही वं," बाबनराव म्हणाले. "काहीच नाही बिघडलं." आणि दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना, भर दुपारी, तो मिशीवाला माणूस स्टुलावर बसून लहान पोरासारखा रडू लागला.